सरवा वेचणाऱ्या विकरांची बाजू

सुगी संपते, कणसे खुडून होतात, पेंढ्या खळ्यावर जातात, तरी काही माणसे त्या मोकळ्या शेतात पुन्हा फिरताना दिसतात. तुटून पडलेली कणसे, सांडलेल्या ओंब्या, मातीत राहिलेल्या शेंगा ती गोळा करतात. याला आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. आता अशी कल्पना करा की, एका परक्या माणसाने बांधावरून हे पाहिले आणि तो म्हणाला, "ही वेचणारी माणसे आली म्हणूनच दाणे सांडले!" तुम्ही त्याला हसाल. परंतु वनस्पतींच्या पानांत चालणाऱ्या एका महत्त्वाच्या क्रियेबद्दल आपली पुष्कळ पुस्तके जवळजवळ असेच बोलतात. ती क्रिया म्हणजे प्रकाश-श्वसन.

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात तुम्हांला तिची ओळख होते, ती बहुधा अशी : प्रकाशसंश्लेषणात वनस्पती कार्बन डाय-ऑक्साइड घेतात व शर्करा तयार करतात. प्रकाश-श्वसनात मात्र भर उजेडात त्या ऑक्सिजन घेतात व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर सोडतात. यातून शर्करा मिळत नाही, ऊर्जाही मिळत नाही. उलट असलेली खर्च होते. म्हणून ही क्रिया निरुपयोगी आहे, ही नासाडी आहे. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात.

माझे म्हणणे असे की, या उत्तरातील हिशेब अर्धा बरोबर आहे, पण दोष मात्र भलत्याच्या माथी मारलेला आहे. दाणे सांडणारे विकर एक, आणि ते वेचणारी विकरे निराळी आहेत. आणि ही वेचणारी विकरे काढून टाकली, तर भात, गहू, तूर यांचे प्रकाशसंश्लेषण वाढणार तर नाहीच, ते साध्या हवेत बंद पडेल. हे कसे, ते आता पाहू या.

दोन हातांचे विकर

विकर म्हणजे सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हे तुम्हांला ठाऊक आहे. प्रकाशसंश्लेषणात हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडण्याचे काम जे विकर करते, त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. म्हणून त्याला 'रुबिस्को' म्हणतात. हे आटोपशीर नाव १९७९ साली एका शास्त्रज्ञाच्या गौरवाच्या कार्यक्रमात गमतीने सुचवले गेले आणि पुढे तेच रूढ झाले. भात किंवा गहू यांच्या पानांतील विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा या एकट्या विकराचा असू शकतो.

इतके रुबिस्को पानाला का लागते? कारण ते फार सावकाश काम करते. पानातील कॅटालेझ नावाचे विकर एका सेकंदात लाखो रेणूंचा निकाल लावते. रुबिस्कोचा एक कार्यबिंदू मात्र सेकंदाला साधारण तीनच रेणू हाताळतो. काम मंद म्हणून कामगार पुष्कळ, असा हा प्रकार आहे.

त्याची दुसरी अडचण याहून मोठी आहे. रुबिस्को पाच कार्बन अणूंच्या एका शर्करेला कार्बन डाय-ऑक्साइड जोडते. मग सहा कार्बनांचे जे संयुग होते, ते लगेच दुभंगून तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू मिळतात. या रेणूंपासूनच पुढे शर्करा, पिष्ट, सेल्युलोज वगैरे सर्व काही बनते. परंतु कार्बन डाय-ऑक्साइडच्या जागी याच रुबिस्कोच्या हाती ऑक्सिजनचा रेणू लागला, तर ते तोही त्या शर्करेला जोडून टाकते. तेव्हा तीन कार्बनांचा एकच उपयोगी रेणू मिळतो. उरलेल्या दोन कार्बनांचे फॉस्फोग्लायकोलेट नावाचे संयुग होते. शर्करा बनवण्याच्या चक्रात या संयुगाला जागा नाही. सांडलेला दाणा म्हणतो तो हाच.

रुबिस्कोला ही सवय का लागली? या विकराचा वंश फार प्राचीन आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला, त्याच्याही आधीपासून तो पृथ्वीवर आहे. ज्या काळात ऑक्सिजन नव्हताच, त्या काळात त्याला टाळण्याचा प्रश्नच नव्हता. आज हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डाय-ऑक्साइडचे रेणू ४२० हून थोडे अधिक आहेत, तर ऑक्सिजनचे दोन लाखांहून अधिक. एवढ्या गर्दीतूनही रुबिस्को बहुतेक वेळा योग्य रेणू निवडते. त्याला सरसकट नालायक ठरवण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

शोध कसा लागला

ही क्रिया एकाच दिवशी एका माणसाने शोधून काढली नाही. १९२० साली जर्मनीत ओटो वारबुर्ग यांना आढळले की, ऑक्सिजन वाढवला की क्लोरेला या हिरव्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. कारण मात्र उमगले नाही. १९५५ साली अमेरिकेत जॉन डेकर यांनी पाहिले की, दिवा मालवताच पानातून थोडा वेळ कार्बन डाय-ऑक्साइडचा जोरदार झोत बाहेर येतो. उजेडात चालू असलेली एखादी निराळी क्रिया दिवा गेल्यावरही क्षणभर रेंगाळत असावी, असा त्याचा अर्थ होता. पुढे एडवर्ड टॉलबर्ट यांनी ग्लायकोलेट या संयुगाचा पानातील प्रवास शोधला. शेवटी १९७१ साली जॉर्ज बोझ, विल्यम ऑग्रेन आणि रिचर्ड हेजमन यांनी दाखवले की, फॉस्फोग्लायकोलेट तयार करणारे विकर म्हणजे खुद्द रुबिस्कोच. पन्नास वर्षांपूर्वीचे वारबुर्ग यांचे कोडे तेव्हा सुटले.

तीन दालनांतील वेचणी

सांडलेल्या फॉस्फोग्लायकोलेटचे पुढे काय होते? पेशीतील तीन दालनांतून त्याचा प्रवास होतो.

पहिले दालन हरितलवकाचे. तेथे एक विकर त्याच्यातील फॉस्फेट काढून घेते व ग्लायकोलेट शिल्लक राहते. ते दुसऱ्या दालनात, म्हणजे पेरॉक्सिसोम नावाच्या छोट्या पिशवीत जाते. तेथे ग्लायकोलेट ऑक्सिडेझ हे विकर त्यावर क्रिया करते. या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड हा दाहक पदार्थ तयार होतो. त्याचे पाणी व ऑक्सिजन करून टाकण्यासाठी आपले चपळ कॅटालेझ तेथे हजरच असते. ग्लायकोलेटपासून अखेर ग्लायसीन हे अमिनो आम्ल बनते.

ग्लायसीन तिसऱ्या दालनात, तंतुकणिकेत जाते. तेथे दोन-दोन कार्बनांच्या दोन ग्लायसीनपासून तीन कार्बनांचे एक सेरीन तयार होते. उरलेला एक कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि त्याबरोबर अमोनियाही सुटतो. प्रकाश-श्वसनात बाहेर पडणारा कार्बन डाय-ऑक्साइड तो हा. सेरीन पुन्हा पेरॉक्सिसोममध्ये येते, त्याचे ग्लिसरेट होते, आणि ग्लिसरेट हरितलवकात परतून शर्करेच्या चक्रात सामील होते. अमोनियाही वाऱ्यावर सोडला जात नाही. हरितलवकातील दोन विकरे त्याला पकडून पुन्हा अमिनो आम्लांत बसवतात. अशा रीतीने सुटणारा अमोनिया मुळांनी जमिनीतून नव्याने घेतलेल्या नायट्रोजनच्या कित्येक पट असू शकतो. तो पकडला गेला नसता, तर शेतकऱ्याने विकत घेऊन घातलेले खत पानांतूनच उडून गेले असते.

आता हिशेब करू. यासाठी वही-पेन्सिल पुरे.

साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला रुबिस्को तीन वेळा कार्बन डाय-ऑक्साइड पकडते, तेव्हा सुमारे एकदा ऑक्सिजन पकडते. म्हणजे सहा वेळा कार्बन डाय-ऑक्साइड आणि दोन वेळा ऑक्सिजन. सहा कार्बन आत आले. दोनदा ऑक्सिजन पकडल्यामुळे दोन फॉस्फोग्लायकोलेट झाली, म्हणजे चार कार्बन सांडले. वेचणाऱ्या विकरांनी त्यांतले तीन परत आणले व एक गेला. निव्वळ जमा पाच. ही विकरे नसती तर चारही गेले असते आणि जमा राहिली असती फक्त दोन.

उन्हाळ्याचा हिशेब याहून बोलका आहे. तापमान वाढले की पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा अधिक वेगाने कमी होतो. शिवाय रुबिस्कोची निवडही ढिली पडते. सुमारे ३५ अंशांना हे प्रमाण दोनास एक असे होते. म्हणजे चार कार्बन आत आले, तर दोन फॉस्फोग्लायकोलेटच्या रूपाने चार सांडले. वेचणारी विकरे असतील तर तीन शिल्लक. नसतील तर शून्य! दिवसभर ऊन खाऊनही पानाच्या हाती काही लागणार नाही. अर्थात ही वेचणी फुकट होत नाही. तिला ऊर्जा लागते, हे या हिशेबात धरलेले नाही. तरीही, चारांपैकी तीन परत आणणाऱ्या यंत्रणेला नासाडी म्हणावे काय, हे तुम्हीच ठरवा.

वेचणारे हटवले तर?

कागदावरचा हिशेब पटला, तरी विज्ञानात प्रयोगाचा कौल महत्त्वाचा. तो कौल मिळालेला आहे.

१९६० नंतरच्या दशकात अनेक शास्त्रज्ञांना वाटत होते की, प्रकाश-श्वसन थांबवता आले तर पिकांचे उत्पन्न भराभर वाढेल. अमेरिकेत सोयाबीनच्या रोपांना मक्याच्या रोपांसोबत हवाबंद खोलीत ठेवून पाहिले गेले. मका त्या कोंडलेल्या हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ संपवून टाकतो आणि सोयाबीन उपाशी मरते. एखादा वाण तरी तग धरील, या आशेने पुष्कळ वाण तपासले. एकही टिकला नाही. कनेक्टिकट राज्यातील कृषी प्रयोग केंद्रातील इझ्रायल झेलिच यांनी दुसरा मार्ग धरला. ग्लायकोलेट ऑक्सिडेझ हे विकर रसायनाने रोखले, तर तंबाखूच्या पानांचे तुकडे अधिक कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, असे त्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. आशा वाढली. परंतु या मार्गाने अधिक पिकणारे पीक काही हाती आले नाही.

१९७९ साली इलिनॉय विद्यापीठात क्रिस सॉमरव्हिल आणि विल्यम ऑग्रेन यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यासाठी मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस ही चिमुकली वनस्पती त्यांनी निवडली. तिच्या बियांवर रसायनाची क्रिया करून त्यांच्या जनुकांत बदल घडवले. मग पुढची रोपे एक टक्का कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या हवेत वाढवली. इतक्या कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रुबिस्कोच्या हाती ऑक्सिजन फारसा लागतच नाही. दाणेच सांडत नाहीत, त्यामुळे वेचणाऱ्यांची गरज पडत नाही. सर्व रोपे हिरवीगार वाढली. नंतर ती साध्या हवेत आणली. काही रोपे पिवळी पडू लागली. ती लगेच पुन्हा पहिल्या हवेत नेऊन वाचवली आणि तपासली. वेचणाऱ्या विकरांपैकी एखादे त्यांच्यात नव्हते. कोणात फॉस्फेट काढणारे, कोणात ग्लायसीनवर काम करणारे, कोणात अमोनिया बसवणारे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे हीच रीत जवाच्या पिकावर वापरली गेली. तेथे १९८३ साली कॅटालेझ नसलेल्या जवाची माहिती प्रसिद्ध झाली, आणि त्याचीही गत तीच होती : साध्या हवेत पाने रोगट, जास्त कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये ठणठणीत.

यातून काय सिद्ध झाले? ज्यांच्यातली प्रकाश-श्वसनाची वाट मोडली, त्या झाडांचे प्रकाशसंश्लेषण वाढले नाही, ते कोसळले. कारण दुहेरी आहे. एकतर कार्बन आणि नायट्रोजन अर्ध्या वाटेत अडकून पडतात, आणि पाच कार्बनांची शर्करा पुन्हा तयार व्हायला माल उरत नाही. दुसरे म्हणजे वाटेत साचलेली संयुगे स्वतःच घातक असतात. फॉस्फोग्लायकोलेट साचले की ते शर्करा बनवणाऱ्या चक्रातील विकरांना अडवते. पुढची वाट तुंबली की रुबिस्कोही सुस्तावते.

या कथेचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. १९६६ साली ग्लायकोलेट ऑक्सिडेझ रोखणाऱ्या झेलिच यांनीच २००९ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. मक्यात तर प्रकाश-श्वसन नाममात्रच असते, असे आपण शिकतो. परंतु ग्लायकोलेट ऑक्सिडेझ फारच कमी असलेला मका साध्या हवेत जगू शकत नाही, त्याला जादा कार्बन डाय-ऑक्साइड द्यावा लागतो, असे त्यांना आढळले. जे विकर रोखण्याची खटपट केली, तेच जगण्यासाठी आवश्यक आहे हे प्रयोगाने दाखवणे, यालाच वैज्ञानिक वृत्ती म्हणतात.

मग तोटा खरा नाही काय?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "हे सगळे खरे, पण कार्बन जातो तो जातोच ना? ऊर्जाही खर्च होते. मग नुकसान नाही कसे?"

प्रश्न रास्त आहे. नुकसान आहे, आणि मोठे आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली केलेल्या गणितानुसार प्रकाश-श्वसनामुळे त्या देशातील सोयाबीनचे उत्पन्न ३६ टक्क्यांनी आणि गव्हाचे २० टक्क्यांनी घटते. उष्णता वाढत असताना हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. माझा आक्षेप नुकसान मोजण्याला नाही. मोजून झाल्यावर चुकीच्या विकराकडे बोट दाखवण्याला आहे. सांडणे कमी करा, वेचणे सुधारा. पण वेचणाऱ्यांना हाकलून देऊ नका.

सांडणे कमी करण्याचा एक उपाय निसर्गानेच काढला आहे, आणि तो आपल्या शिवारातच उभा आहे. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका ही पिके कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम दुसऱ्याच विकराने पकडतात. हे विकर ऑक्सिजनला फसत नाही. मग तो कार्बन डाय-ऑक्साइड पानातील शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन रुबिस्कोपुढे दाट करून ठेवतात. १९६५ साली हवाईमध्ये ह्यूगो कोर्टशाक व सहकाऱ्यांनी उसात याची खूण पाहिली. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी ही वाट उलगडली. येथे पहिले संयुग चार कार्बनांचे असते म्हणून ही सी-४ पिके. तर भात, गहू, तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग, कापूस ही सी-३ पिके. कडक उन्हात ज्वारी-बाजरी जोमाने वाढते, त्यामागे हेही एक कारण आहे. भातात ही रचना आणण्याचा प्रयत्न अनेक देशांचे शास्त्रज्ञ मिळून करीत आहेत, पण पानाची घडणच बदलायची असल्याने ते काम सोपे नाही.

दुसरा उपाय वेचणी सुधारण्याचा. २०१२ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी अराबिडॉप्सिसमध्ये ग्लायसीनवर काम करणाऱ्या विकराचा एक भाग वाढवला. म्हणजे त्यांनी प्रकाश-श्वसनाची वाट रोखली नाही, रुंद केली. झाडांचे प्रकाशसंश्लेषण आणि वाढ दोन्ही सुधारली. पुढे तंबाखूतही असाच अनुभव आला.

तिसरा उपाय जवळच्या वाटेचा. इलिनॉयमधील संशोधकांनी २०१९ साली तंबाखूच्या हरितलवकात दोन विकरे बसवली. एक हिरव्या शैवालातले, दुसरे भोपळ्यातले. आता ग्लायकोलेटला तीन दालने हिंडावी लागत नाहीत. ते हरितलवकातच मोडते आणि सुटणारा कार्बन डाय-ऑक्साइड रुबिस्कोच्या शेजारीच मिळतो. ग्लायकोलेट बाहेर नेणारा दरवाजाही त्यांनी अरुंद केला. शेतात लावलेल्या या झाडांचा सुका भार ४० टक्क्यांहून अधिक वाढला. याच मार्गाने सुधारलेल्या बटाट्याच्या २०२२ सालच्या शेतातील चाचणीत, उष्णतेच्या लाटा येऊनही, कंदांचे वजन सुमारे ३० टक्के अधिक भरले.

नीट पाहा. दुसरा आणि तिसरा उपाय वरवर उलट दिसतात. एकात जुनी वाट रुंद केली, दुसऱ्यात नवी काढली. परंतु दोघांचे तत्त्व एकच आहे : ग्लायकोलेट साचू न देता त्याचा झटपट निकाल लावायचा. वेचणारे नकोतच, असे यांपैकी कोणीही म्हणत नाही. आणि यश मिळते ते असे विचारपूर्वक केल्यावरच. चीनमध्ये २०१९ साली भातावर असाच जवळच्या वाटेचा प्रयोग झाला. पानांचे प्रकाशसंश्लेषण वाढले, पण दाण्यांचे उत्पन्न पेरणीच्या हंगामाप्रमाणे कमीअधिक झाले, कारण दाणे भरण्याचे प्रमाण घटले. पान सुधारले म्हणजे कणीस भरलेच, असे नाही. शेतकऱ्याला दाणे हवे असतात, हे प्रयोगशाळेने विसरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. पाऊस ओढ देतो तेव्हा पाणी वाचवण्यासाठी झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते. आत कार्बन डाय-ऑक्साइड येत नाही, पण ऊन तर पडतच असते. ती ऊर्जा कुठे जाणार? ती वाट चुकली तर पानाचीच होरपळ होते. १९९६ साली जपानमधील दोन शास्त्रज्ञांनी तंबाखूवरील प्रयोगातून दाखवले की, अमोनिया बसवणारे विकर वाढवून प्रकाश-श्वसनाची क्षमता वाढवली, तर प्रखर उजेडाची इजा कमी होते. ते विकर घटवले तर इजा वाढते. कोरडवाहू शेतीच्या आपल्या मुलखात ज्या क्रियेकडे झाडाचे संरक्षण म्हणून पाहायला हवे, तिलाच आपण निरुपयोगी म्हणून शिकवावे, हे मला योग्य वाटत नाही.

शिक्षकांना आणि तुम्हांला

शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. 'प्रकाश-श्वसन ही नासाडी आहे, कारणे द्या' अशा प्रश्नाऐवजी वर केलेला हिशेब फळ्यावर मांडावा. वेचणारी विकरे असताना किती जमा, नसताना किती, हे मुलांना काढू द्यावे. सहावीच्या गणितात बसेल इतकेच ते आहे. सॉमरव्हिल आणि ऑग्रेन यांचा प्रयोग सांगून, "साध्या हवेत कोणती रोपे पिवळी पडतील व का?" असे विचारावे. एका शब्दात निकाल देणाऱ्या उत्तरापेक्षा अशा प्रश्नाने विचाराला अधिक चालना मिळेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आपल्या शिवारातील पिकांची यादी करा. सी-३ कोणती, सी-४ कोणती, ते लिहा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर शिक्षकांच्या मदतीने मक्याच्या आणि गव्हाच्या पानांचे पातळ आडवे छेद घ्या. मक्याच्या शिरांभोवती हिरव्यागार मोठ्या पेशींची माळ दिसेल. गव्हात ती तशी दिसणार नाही. ज्या पानात ती माळ नाही, त्या पानात रुबिस्कोच्या हातून दाणे अधिक सांडतात आणि वेचणारी विकरे उजेड आहे तोवर कामात गुंतलेली असतात.

तुमच्यापैकी काहीजण उद्या कृषी महाविद्यालयात जातील, काहीजण वाण सुधारतील, काहीजण शेती करतील. वाढत्या उष्णतेत भात, गहू आणि तूर कशी पिकवायची हा प्रश्न तुमच्याच वाट्याला येणार आहे. पानातले कोणते विकर सांडते आणि कोणते वेचते, एवढा भेद आज पक्का केलात, तर त्या दिवशी नेमके कोणाला सुधारायचे हे तुम्हांला दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.